नळीमागच्या रेघा आणि बोटावरचा आकडा

काचेच्या छोट्या नळीत फॉस्फेटचं दाट द्रावण घ्यायचं, त्यात बोट टोचून काढलेलं थेंबभर रक्त सोडायचं, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघा छापलेला कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन सापडलं नाही. रेघा पुसट होऊन दिसेनाशा झाल्या तर ते आहे. या तपासणीला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. मध्य प्रदेशातल्या मंडला, दिंडोरी, शहडोलमध्ये आणि आपल्याकडे गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारमध्ये आश्रमशाळेच्या ओसरीवर किंवा उपकेंद्राच्या टेबलावर ती उरकता येते. द्रावणातलं सॅपोनिन रक्तपेशी फोडतं, डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं. ऑक्सिजन गमावलेलं निरोगी हिमोग्लोबिन विरघळलेलंच राहतं. सिकलचं राहत नाही. त्याचे बारीक कण बनतात, ते कण प्रकाश विखुरतात आणि मागची रेघ हरवते. तपासणाऱ्या परिचारिकेला कुणी तसं सांगितलेलं नसलं, तरी ती द्रवातून विखुरणाऱ्या प्रकाशाचं मापन करत असते.

या कामाचं एक मोठं ठाणं जबलपूरला आहे. शहरातून तिलवारा घाटाकडे निघालेल्या नागपूर रस्त्यावर, गढ्याच्या बाजूला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९८४ पासून ती सिकलसेल, मलेरिया आणि आदिवासींच्या इतर आजारांवर संशोधन करते. त्याच रस्त्यावर १९५५ साली सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला नेताजींचं नाव आहे. पुढे हा रस्ता नर्मदा ओलांडून शिवनीमार्गे नागपूरला येतो. सिकलसेलचा पट्टाही तसाच सलग आहे. राज्याची सीमा आली म्हणून गोंडांच्या रक्तातलं जनुक थांबत नाही. म्हणून तिलवाऱ्याच्या वाटेवर काय ठरतं, याच्याशी विदर्भातल्या माणसाचाही थेट संबंध आहे.

सोल्युबिलिटी टेस्टची सर्वात चांगली गोष्ट अशी की तिला काय जमत नाही ते उघड लिहून ठेवलेलं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती लावायची नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. अंगात रक्तच फार कमी असेल तर नळी गढूळ व्हायला पुरेसं सिकल हिमोग्लोबिन नसतं आणि उत्तर चुकून निर्दोष येतं. रक्तात चरबी जास्त असेल तर सिकल नसतानाही नळी दुधाळ होते. वाहक कोण आणि ग्रस्त कोण, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात ही स्वस्तातली नळी टिकून आहे, कारण तिची चूक कुठे होते हे वापरणाऱ्याला माहीत असतं आणि ती चूक पकडणारी दुसरी तपासणी तिच्यामागे उभी असते.

आता याच कसोटीवर सिकलसेलच्या रुग्णाच्या बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरकडे पाहू.

सिकलसेलग्रस्त मूल छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात येतं तेव्हा बोटावरचा आकडा फार मोलाचा असतो. फुप्फुसाची गुंतागुंत सुरू झाली आहे का, मुलाला ताबडतोब जिल्ह्याला हलवायचं का, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. करोनाच्या काळात हे यंत्र घराघरात आणि आशाताईंच्या पिशवीत पोचलं. ९४ च्या खाली गेलं की डॉक्टरकडे जायचं, हे सगळ्यांना पाठ झालं. पण तो आकडा येतो कुठून आणि कुणाच्या बोटावर तो ताडून पाहिला आहे, हा प्रश्न विचारणारे फारसे भेटत नाहीत. तो विचारायला हवा, कारण त्याचं उत्तर आपल्या लोकांच्या जिवाशी जोडलेलं आहे.

जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या यंत्रामागचं तत्त्व मांडलं. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडायचा: ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा धमनीतल्या रक्ताचा. हाडं, मांस, कातडी, नख यांचा वाटा स्थिर, म्हणून तो भागाकारात निघून जातो. युक्ती फार सुंदर आहे. फक्त तिच्यात एक गृहीतक दडलेलं आहे: प्रकाश बोटातून सरळ जातो.

तो सरळ जात नाही. आपल्या ऊतीत शिरलेला प्रकाशकण सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जातो न जातो तोच एखाद्या पेशीच्या केंद्रकावर, तंतुकणिकेवर किंवा कोलॅजनच्या धाग्यावर आपटून जरासा वळतो. अशी दहाएक वळणं झाली, म्हणजे साधारण मिलिमीटरभर आत गेला, की तो मुळात कोणत्या दिशेने निघाला होता याची खूणही उरत नाही. बोटाची जाडी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, पण पलीकडे पोचणाऱ्या कणाने त्याच्या कितीतरी पट वाट तुडवलेली असते. आणि लाल प्रकाशाची वाट व अवरक्ताची वाट सारखी नसते. त्यामुळे निव्वळ सूत्रातून ऑक्सिजनचा आकडा काढता येत नाही. बनवणाऱ्यांनी म्हणून दुसरा मार्ग धरला. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा द्यायची, त्यांचं धमनीतलं रक्त काढून मोजायचं आणि यंत्राचं गुणोत्तर व खरा आकडा यांचा तक्ता बसवायचा. ऑक्सिमीटरच्या चिपमध्ये असतो तो हा तक्ता. त्यात त्या स्वयंसेवकांची बोटंही मुरलेली असतात आणि त्यांच्या कातडीचा रंगही.

इथे एखादा जाणकार विचारील, कातडीतलं मेलॅनिन काही नाडीबरोबर हलत नाही, मग ते भागाकारात का निघून जाऊ नये? प्रकाश सरळ गेला असता आणि एकाच तरंगलांबीचा असता, तर गेलं असतं. पण एलईडीचा लाल प्रकाश हा एक छोटा पट्टा असतो आणि मेलॅनिन त्यातली आखूड तरंगलांबी जास्त गिळतं, म्हणून पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशाचा रंगच किंचित सरकतो. शिवाय विखुरलेल्या असंख्य वाटांपैकी कोणत्या गळतात आणि कोणत्या पोचतात, यातही कातडीच्या वरच्या थराचा हात असतो. परिणाम अमेरिकेतल्या रुग्णालयांत दिसून आला. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे मांडले. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. चूक धोक्याच्या बाजूची आहे. यंत्र म्हणतं ठीक आहे, आणि माणूस गुदमरत असतो.

त्या वेळी लागू असलेल्या अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार दहा स्वयंसेवक पुरत होते, आणि त्यांत गडद कातडीचे किमान दोन किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के असले की भागत होतं. जगातल्या एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या कातडीचं प्रतिनिधित्व दोन माणसांनी करायचं! २०२५ च्या जानेवारीत त्याच प्रशासनाने नवा मसुदा काढला: दीडशे किंवा जास्त स्वयंसेवक, आणि कातडीचा रंग उपकरणाने मोजूनही नोंदवायचा. चांगलं झालं. पण त्या दीडशे जणांत बैगा कुणी असेल का, माडिया कुणी असेल का? ते बघणं अमेरिकेचं काम नाही. ते आपलं काम आहे.

सिकलसेलग्रस्ताच्या बाबतीत तर दोन चुका एकमेकींना मिळतात. या आजारात तांबड्या पेशी सतत फुटत असतात, आणि हिमोग्लोबिन मोडताना शरीरातच थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो धरून बसलेलं हिमोग्लोबिन साध्या, दोन रंगांच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. म्हणजे आकडा वर सरकतो. गडद कातडीही आकडा वर सरकवते. ज्या मुलासाठी हे यंत्र सर्वात गरजेचं, त्याच्याच बोटावर ते खोटा दिलासा देण्याची शक्यता सर्वात जास्त.

मग करायचं काय? प्रत्येक यंत्रासाठी, प्रत्येक खेपेला शेकडो माणसांचा ऑक्सिजन उतरवून धमनीतून रक्त काढणं शक्य नाही. इथे कामाला येतं ते भौतिकशास्त्रज्ञांचं एक साधन, ज्याला ते फँटम म्हणतात. शरीराच्या जागी ठेवायचा नकली नमुना. कॅन्सर रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात पाण्याने भरलेलं फँटम वापरलं जातं. रुग्णाला किरण देण्याआधी यंत्र त्यावर पडताळलं जातं, आणि ते न करता उपचार सुरू करण्याची कल्पनाही तिथे कुणाला सहन होणार नाही. प्रकाशासाठीचं द्रव फँटम त्याहून साधं आहे. नळीतून अन्न देता येत नाही अशा रुग्णांना शिरेतून जे मेदाचं पांढरं द्रव देतात, ते इंट्रालिपिड, स्वीडनच्या आर्विड व्रेटलिंड यांनी विकसित केलं आणि १९६२ पासून ते रुग्णालयांत आहे. सोयाबीनचं तेल, अंड्यातलं फॉस्फोलिपिड, ग्लिसरीन आणि पाणी, एवढाच ऐवज. त्यातले तेलाचे थेंब मायक्रोमीटरहूनही लहान असतात. ते पाण्यात मिसळून मेदाचं प्रमाण साधारण एक टक्क्यावर आणलं की प्रकाश विखुरण्याच्या बाबतीत ते द्रव आपल्या मांसासारखं वागू लागतं. त्यात मोजून थोडी काळी शाई घातली की शोषणही जमतं. विखुरणं आणि शोषण, दोन्ही वेगवेगळी आणि हवी तेवढी कमी-जास्त करता येतात. घन नमुन्यात ही मोकळीक नाही.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत यासाठी दूधही वापरतात आणि विद्यार्थ्याला विषय कळायला ते उत्तम आहे. पण प्रमाण म्हणून दूध चालत नाही. म्हशीचं वेगळं, गाईचं वेगळं, आणि डेअरीत मेदाचे गोळे फोडलेलं दूध त्याहून वेगळं. कणांचा आकार बदलला की विखुरणं बदलतं. शाईतही खोच आहे. शाई म्हणजे काजळीचे कण, तेही थोडा प्रकाश विखुरतात, आणि एका कंपनीची शाई दुसरीसारखी नसते. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या भौतिकशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हे खटाटोप केले आणि इंट्रालिपिडच्या वेगवेगळ्या खेपांमधला फरक मोजून ते प्रमाण द्रव म्हणून वापरता येईल हे २०११ मध्ये दाखवून दिलं. २०१४ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी तेच इंट्रालिपिड आणि तीच शाई आपापल्या पद्धतीने मोजली, आणि त्या सगळ्या उत्तरांतून एक-दोन टक्क्यांच्या अनिश्चिततेत प्रमाण मूल्यं निघाली. प्रमाण असं ठरतं: कुणा एकाच्या अधिकाराने नव्हे, सगळ्यांच्या मोजण्यातून.

नुसतं द्रव मात्र पुरत नाही. त्यात प्रकाश कसा फिरेल याचं गणितही हातात हवं, म्हणजे द्रवाने गणित तपासता येतं आणि गणिताने द्रव. हे गणित मुळात माणसाच्या देहासाठी जन्मलेलं नाही. गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये सोन्याच्या कलिलाच्या रंगांचा उलगडा करताना गोल कणावरून प्रकाश कसा वळतो ते सोडवलं. हेन्यी आणि ग्रीनस्टीन यांनी १९४१ मध्ये ताऱ्यांमधल्या धुळीसाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं. चंद्रशेखरांनी १९५० मध्ये ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा झिरपतो यावर ग्रंथ लिहिला. आज बोटातल्या प्रकाशाचा हिशेब याच भांडवलावर चालतो. संगणकात एकेक प्रकाशकण सोडायचा, फासे टाकल्यासारखी त्याची पुढची पावलं आणि वळणं ठरवायची, असे लाखो कण सोडून किती पलीकडे पोचले ते मोजायचं. या पद्धतीला माँटे कार्लो म्हणतात. थरांच्या ऊतीसाठीचा असा एक प्रोग्रॅम १९९५ पासून कुणालाही फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. द्रवावर मेलॅनिनचा पातळ थर ठेवायचा, कारण ते कातडीच्या फक्त वरच्या, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या पापुद्र्यात असतं, आणि त्या थराची गडदता बदलत यंत्राचा आकडा कुठे सुटतो ते पाहायचं. भारतात राहून केलेल्या कामाला मिळालेलं भौतिकशास्त्राचं एकमेव नोबेल रामन यांना १९३० मध्ये मिळालं, ते द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशाच्याच अभ्यासाबद्दल. हा विषय आपल्याला परका नाही.

फँटम माणसाची जागा घेत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्याला धडधडणारी धमनी नसते. ठोका नळ्या आणि पंप लावून आणावा लागतो, आणि तो थंडीने आकसलेल्या, रक्त कमी पोचणाऱ्या बोटासारखा होत नाही. शेवटची पारख माणसांवरच करावी लागेल. पण माणसांवरची पारख एका मॉडेलची एकदाच होते. त्यानंतर कारखान्यातून खेपांमागून खेपा येतात, एलईडीचा पुरवठादार बदलतो, त्याची तरंगलांबी चार-पाच नॅनोमीटरने सरकते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. ती खेप पकडण्याचं काम द्रव फँटम काही मिनिटांत करू शकतं.

सरकारने या यंत्राची दखल घेतलेली नाही असं नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. २०२१ च्या जुलैमध्ये ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांच्या विक्रीतल्या नफ्यावर मर्यादा घातली गेली, आणि संकटाच्या काळात तो निर्णय योग्यच होता. किंमत आटोक्यात आली. आता आकड्याच्या खरेपणाकडे वळायला हवं. यंत्राच्या खोक्यावर किंमत असते, बॅटरीचा प्रकार असतो, अचूकता अधिक-उणे दोन अशी छापलेली असते. ती अचूकता कोणत्या रंगाच्या किती माणसांवर ठरवली, हे खरेदीदाराला खोक्यावरून कळत नाही.

आणि हे करायला लागणारी माणसं फार लांब नाहीत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ऊती आणि प्रकाश यांवर कितीतरी वर्षांचं काम आहे. तोंडाच्या कर्करोगाची चाहूल प्रकाशाने घेणारं उपकरण त्यांनी बनवलं आहे. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाखाली देशाची प्रमाण द्रव्यं पुरवते. तपासलेली, नोंद असलेली माणसं आणि त्यांच्यात चाळीस वर्षं वावरलेले संशोधक जबलपूरला आहेत. जबलपूरचं वैद्यकीय महाविद्यालय आणि नागपूरचं शासकीय रुग्णालय इथल्या अतिदक्षता विभागांत धमनीतलं रक्त रोज तपासलं जातं. त्याच क्षणी बोटावर काय आकडा होता आणि कातडीचा रंग रंगमापकावर किती होता, एवढं लिहिलं तरी काही महिन्यांत आपल्या माणसांचा आपला तक्ता उभा राहील. रुग्णाला एकही जादा सुई टोचावी लागणार नाही. संमती मात्र त्याच्या भाषेत, गोंडीत असो वा मराठीत, समजावून घेतली पाहिजे. आदिवासींचं रक्त नेणारे पुष्कळ येतात, त्यातून काय निघालं ते सांगायला परत येणारे थोडे.

आमची मागणी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांकडे आहे. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडून ऊतीसारखं प्रमाण द्रव आणि गडदतेच्या निदान पाच पायऱ्यांचे मेलॅनिनचे थर मागवून घ्या. ऑक्सिमीटरच्या पुढच्या निविदेत दोन अटी घाला: पुरवठादाराने कोणत्या रंगाच्या किती स्वयंसेवकांवर यंत्र तपासलं याचे आकडे जोडावेत, आणि प्रत्येक खेपेतली ठराविक यंत्रं सरकारी प्रयोगशाळेत फँटमवर उतरल्याशिवाय बिल निघू नये. तोवर सिकलसेलग्रस्ताच्या केसपेपरवर एक सूचना आजच छापता येईल: बोटावरचा आकडा चांगला असला तरी दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तर धमनीतलं रक्त तपासा, आणि ती सोय नसेल तर रुग्णाला थांबवून न ठेवता पुढे पाठवा.